आमची जमीन अजून संशयितसुद्धा नाही: केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय पर्यावरण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आधी अभिनंदन करतो. 24 जुलै 2025 रोजी आपल्या मंत्रालयानं दूषित जागांच्या, म्हणजे विषारी कचऱ्यानं नासलेल्या जमिनींच्या, व्यवस्थापनाचे नियम काढले. मी बडोद्याचा, वय एकाहत्तर. पेपरातली ती बातमी कापून मी फ्रिजवर चिकटवली आणि आमच्या हिला म्हटलं, बघ, आता होईल काहीतरी. ते कात्रण गेल्या मंगळवारी काढून टाकलं.

झालं असं. आमची जमीन तपासा म्हणून आठ महिन्यांपूर्वी दिलेल्या अर्जाची चौकशी करायला एका सरकारी कचेरीत गेलो होतो. चौथा हेलपाटा. टेबलामागचा मुलगा सभ्य होता, त्यानं खुर्ची दिली, चहासुद्धा विचारला. मग कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "काका, तमारी जग्या यादीमां नथी." मी विचारलं, दूषित जागांच्या? "ना काका, संशयितनी."

म्हणजे आमची जमीन अजून संशयितसुद्धा नाही. तिच्यावर नुसता वहीम घ्यायलाही जिल्ह्याच्या साहेबांचं सहामाही पत्रक लागतं. तुमच्या नियमात आधी संशयित, मग संभाव्य, मग पक्की दूषित अशा पायऱ्या आहेत. नाव चढलं की पहिली पाहणी 90 दिवसांत, सविस्तर तपासणीला आणखी तीन महिने, जबाबदार कोण ते शोधायला 90 दिवस. पण नावच चढलं नाही तर? घड्याळाला किल्लीच दिलेली नाही. आणि शेवटी माती साफ कधीपर्यंत करायची, याला मुदत नाही. वीजबिलाला असते.

दांडिया बाजारातल्या वाड्यातला माझा हिस्सा विकून 1998 साली शहराच्या उत्तरेला, औद्योगिक पट्ट्याच्या कडेला प्लॉट घेतला. दोन खोल्या, तुळस, पेरू आणि पाण्याची बोर. पलीकडे एका बंद कारखान्याचा बुजवलेला खड्डा, वर वेडी बाभूळ माजलेली. पाच वर्षांपूर्वी पावसाळा सरला आणि बोरचं पाणी पिवळं येऊ लागलं. गढूळ नव्हे. स्वच्छ पिवळं, आरपार दिसणारं. हिनं देवाचं पांढरं वस्त्र त्यात धुतलं, त्याचं पितांबर झालं. आम्ही हसलो हो. खरंच हसलो.

नमुना खासगी लॅबमध्ये दिला. रिपोर्टच्या आधी तिथल्या माणसाचा फोन आला, "काका, आ पाणी तमे पियो छो?" हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियम धातूचं विषारी रूप. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. आमचं कित्येक पट. तेव्हापासून टँकर, सातशे रुपये खेप. पेरू कोणी खात नाही, फक्त पोपट खातात, त्यांना रिपोर्ट कोण दाखवणार? हिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. डॉक्टर म्हणाले साबण बदला. चार बदलले. प्लॉट विकायला काढला तर गिऱ्हाईक नळ सोडून बघतं आणि चपला घालतं. घरपट्टी मात्र एकदाही चुकलेली नाही.

एक कबुली देऊन टाकतो. मी स्वतः 31 वर्षं एका केमिकल कारखान्यात स्टोअरला होतो. रात्रपाळीला गोणी भरलेले ट्रक बाहेर पडायचे. कुठे जातात, हे मी कधी विचारलं नाही. पगार एक तारखेला होत होता. तेव्हा जबाबदारांची यादी कराल तर मलाही घाला. पण करा तरी.

आता पैशांचं. ज्यानं घाण केली त्यानं भरावं, हे तत्त्व ऐकायला गोड आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडीला विहिरी नासल्या, 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व लावलं, आणि 2011 सालीही त्याच न्यायालयाला त्याच वसुलीसाठी पुन्हा आदेश काढावा लागला. तिथं निदान कंपन्या तरी होत्या. आमच्या कारखान्याचं तर फाटकसुद्धा भंगारवाल्यानं नेलं. अशा वेळी केंद्र आणि राज्य भरतील, असं आपण म्हणता. कशातून? कोळशावर 2010 साली टनाला 50 रुपये सेस बसवलात, 2016 साली 400 केलात, नावही छान, स्वच्छ पर्यावरण उपकर. पुढच्याच वर्षी तो जीएसटीपायी राज्यांना द्यायच्या भरपाईत विरघळला. पर्यावरण राहिलं नावापुरतं.

पैसे नसतात असंही नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन कचरा 40 वर्षं पडून होता. उच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये चार आठवड्यांची मुदत दिली आणि नवं वर्ष उजाडताच 12 कंटेनर जाळायला पिथमपूरला! खर्च 126 कोटी. मी स्टोअरकीपर, तोंडी हिशेब केला: टनाला सदतीस लाखांवर. तिथली दूषित माती 11 लाख टन, असं नीरी आणि एनजीआरआय या सरकारी संशोधन संस्थांनी 2010 मध्ये सांगितलंय. याच भावानं चार लाख कोटी होतात. जाळण्याचा भाव मातीला लावला, चूक असेल तर दुरुस्त करा, पण कोणीतरी करायला बसा! देशात 103 जागा दूषित ठरल्यात आणि काम सुरू झालंय सातांवर. आम्ही त्या 103 मध्येही नाही.

आमच्याकडे 1983 सालापासून कारखान्यांचं सांडपाणी समुद्राकडे न्यायला पन्नासेक किलोमीटरचा कालवा आहे. पातळ होतं त्याला कालवा मिळाला. गोणीत होतं ते इथंच पुरलं गेलं. सयाजीराव महाराजांनी 1892 साली आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात आणलं, त्यांना ना निवडणूक होती ना उद्घाटनांची घाई. तुमच्या राजवटीत कारखान्याला परवानगी एका खिडकीत मिळते. तक्रारदारानं खिडक्या मोजाव्यात.

मला नुकसानभरपाई नको (दिलीत तर घेईन). सरकारी माणसानं येऊन बोरचा नमुना घ्यावा, त्या खड्ड्यात भोक पाडून बघावं, आणि साफसफाईला एक तारीख लिहून द्यावी.

पत्रासोबत पाण्याची बाटली पाठवणार होतो. पोस्टातल्या मुलीनं विचारलं, आत काय आहे? म्हटलं, पाणी. तिनं बाटली उजेडाकडे धरली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि रुमालानं बोटं पुसली. "काका, केमिकल नहीं चाले." बाटली घरी आहे. कोणी आलंच तर दाखवीन.

आपला,
बडोद्याचा एक निवृत्त स्टोअरकीपर