चष्मा कुणालाच घालू नकोस

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. "विज्ञानाच्या तासाला कार्टून म्हणजे कडू गोळीवरची साखर," असं लिहिलंयस. अरे, मला पोरांना हसवायचं नाहीये, भांडायला लावायचंय!

इंग्लंडात ब्रेंडा किओ आणि स्टुअर्ट नेलर यांनी १९९१ मध्ये अशी वाद पेटवणारी चित्रं, म्हणजे 'कन्सेप्ट कार्टून', करायला घेतली. त्यातलं गाजलेलं चित्र बर्फाच्या माणसाचं. याला कोट घातला तर लवकर वितळेल, असं एका पोराला वाटतं. दुसरं म्हणतं, उलट जास्त टिकेल. तिसऱ्याच्या मते काही फरक पडणार नाही. उत्तर चित्रात कुठेच नाही.

आपल्याकडे बर्फाचा माणूस कुठला? मी फळ्यावर गोळेवाल्याची गाडी काढली, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीसकट. नववीचा वर्ग असा पेटला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. गोणपाट गरम असतं, बर्फ वितळणारच, यावर बरेच जण ठाम. मग सारखे दोन तुकडे घेतले, एक स्वेटरात गुंडाळला, एक उघडा ठेवला. उघड्याचं पाणी झालं तेव्हा स्वेटरातला बराच शिल्लक होता. तरी एकाला पटेना. त्याने रिकाम्या स्वेटरात थर्मामीटर ठेवला. पारा खोलीच्या तापमानावरून हलेना, तेव्हा तोच म्हणाला, "म्हणजे ऊब आपलीच असते, सर!" लोकरीत अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, बाहेरही नाही आणि आतही नाही, हे सांगायला मग दोन वाक्यं पुरली.

आता तुझं काम. माझी माणसं काड्यांची असतात, म्हणून चित्रासाठी तुला साकडं. चेंडू सरळ वर फेकलाय आणि अगदी वरच्या टोकाला पोचलाय. खाली तिघं. "हाताचा जोर आत्ता संपला." "या क्षणी त्याच्यावर कुठलंच बल नाही." "हातातून सुटल्यापासून फक्त गुरुत्वाकर्षणच ओढतंय." हवेचा विरोध सोडला तर तिसरं बरोबर, टोकाला वेग शून्य, पण त्वरण तेच, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. सूत्रात आकडे घालून पैकीच्या पैकी मिळवणारी पोरंही इथे अडखळतात.

फक्त बरोबर बोलणाऱ्याला चष्मा घालू नकोस. छापील चित्रांत हुशार पोरगं लगेच ओळखू येतं, की वर्ग विचार न करता त्याच्याच बाजूला. तिघांचे चेहरे सारखेच गंभीर हवेत. बोलण्याचा चौथा फुगा कोरा आणि मोठा ठेव, त्यात पोरं आपलं म्हणणं लिहितील. आणि काळ्या शाईतच काढ. आमच्या झेरॉक्सवाल्याकडे बारीक छटा उठत नाहीत.

चाचणी परीक्षेच्या आधी मिळालं तर बरं. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
फळ्यावरचा चित्रकार