बाबांची गोळी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, "हे आता प्रेशरची गोळी घेत नाहीत. सकाळ-संध्याकाळ ध्यानाला बसतात, काय होतंय की!" रात्रभर डोळा लागला नाही. ध्यानाचे व्हिडिओ मीच पाठवले होते ना! पण बाबा, गोळी सोडा असं त्यात कुणीच म्हटलं नव्हतं. तुम्ही विड्या सोडल्यात तसं एका दिवसात ठरवून मोकळे झालात. विड्यांचं उत्तमच केलंत म्हणा.

ध्यान सोडू नका. शांत बसून श्वास लांबला की नाडी मंदावते, प्रेशरही जरा उतरतं. पण जराच. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ साली, तोवर झालेले अभ्यास तपासून, एवढंच म्हटलं की ध्यानाचा हृदयाला फायदा होत असावा, पण पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून औषधोपचाराच्या जोडीला करा. प्रेशर दुखत नाही की खुपत नाही, म्हणून तुमच्या "मला बरं वाटतंय"वर माझा भरवसा नाही. रागावू नका. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर प्रेशर उलट उसळतं.

लहानपणी तुम्ही हरिपाठ म्हणायचात आणि मी मांडीवर झोपायची. तुमच्या पोटातून घुमणारा तो आवाज अजून कानात आहे. पण हरिपाठ झाला म्हणून तुम्ही कधी जेवण सोडलं नाहीत!

तर मी ठरवून टाकलंय. डॉक्टरांना फोन केला, गोळी आजपासूनच परत चालू करा म्हणाले. मंगळवारी बेळगावात त्यांची वेळ घेतलीय. खानापुरातून या पावसात बस नको, दहाला गाडी दारात येईल. ड्रायव्हर सावकाश चालवतो, मी दोनदा बजावलंय. मी स्वतः यायला हवं होतं, कळतंय मला. सुट्टी गणपतीलाच मिळणार. दवाखान्यात कानडी कागद आलाच तर आई बघेल, तिचं माहेर कामाला येऊ दे. येताना कुंदा घ्याल तो आईपुरताच.

आई, गोळ्यांचं पाकीट चहाच्या डब्याला टेकवून ठेव आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. बाबांना ध्यानाला ओल आलेल्या फरशीवर बसू देऊ नकोस, माजघरातली खुर्ची दे. पायावर शाल घाल.

जुनी फाईल कपाटात दादाच्या लग्नाच्या अल्बमखाली आहे. निघताना नुसता मिस्ड कॉल द्या.

तुमची,
चिमी