डॉक्टर, ती शंभराची नोट आठवते ना?

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

सौ.च्या उजव्या गुडघ्याचा सांधा तुम्ही रोबोच्या मदतीने बदललात, त्याला काल ११ आठवडे झाले. नाशिकरोडहून बसने पंचवटीत उतरून ती गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन आली. काठी बरोबर होती, पण टेकवली कमीच. मात्र हे पत्र ऑपरेशनसाठी नाही, त्याआधी तुम्ही समजावून सांगायला दिलेल्या अर्ध्या तासासाठी आहे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी एके ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं, "काका, सगळं रोबोच करतो, निर्धास्त राहा." मी ३२ वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मशीनवर काढली. जे मशीन सगळं आपलं आपण करतं, त्याच्याजवळून मी कधी हललो नाही.

तुम्ही प्लास्टिकचा गुडघा टेबलावर ठेवलात. आधी सीटी स्कॅन, त्यावरून हाडाचं चित्र, कुठे किती मिलिमीटर कापायचं तेही आधीच ठरलेलं. मग मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना. पाय हलला तरी हाड कुठे आहे ते कॅमेऱ्याला कळावं म्हणून. शेवटी टोकदार सळई हाडावर जागोजागी टेकवून चित्र आणि हाड जुळवायचं. "याला रजिस्ट्रेशन म्हणतात," म्हणालात आणि मला हसूच आलं. अहो, आमच्याकडेही हेच! रंगावर रंग, पुढच्या बाजूवर मागची बाजू बसली की रजिस्टर जुळलं. केसभर सरकलं की शीट बाद. मी खिशातली शंभराची काढली. बाहेर रांग लागलेली, आणि तुम्ही उठून ती खिडकीशी नेलीत, उजेडात धरलीत. पुढचा अर्धा आकडा मागच्या अर्ध्याला मिळून पुरा शंभर झाला, तो नीट बघितलात.

मग मी खरा प्रश्न विचारला. सरकलं तर?

"पिन हलली तर पुन्हा जुळवायचं. नाहीच जुळलं तर यंत्र बाजूला आणि नेहमीची हत्यारं. करवत तशीही मीच धरतो. आखलेल्या हद्दीबाहेर जायला लागली की यंत्राचा हात तिला अडवतो." वर हेही सांगितलंत, की हाड अचूक कापलं जातं खरं, पण त्यामुळे सांधा जास्त वर्षं टिकतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. गिऱ्हाईक पटवणारा असं बोलत नाही.

बिलातही सांध्याचे पैसे वेगळे, रोबोचे वेगळे. सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातली आहे, हे तुमच्याच काउंटरवर कळलं.

दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलंत तेव्हा ती तुम्हाला काहीबाही बोलणार होती. मी होतो म्हणून वाचलात. आता नडगीवरचे पिनांचे दोन बारीक व्रण शेजारणींना कौतुकाने दाखवते. खाली मांडी घालून बसायचं नाही, हे मात्र अजून पचलेलं नाही. पाट मी माळ्यावर टाकला. कुरडया यंदा गच्चीवर खुर्चीत बसून घातल्या. तुमचा डबा भरलाय, पुढच्या तपासणीला आणतो.

आपला,
प्रेसमधला एक निवृत्त शंकेखोर

ता.क. ती नोट तुमच्या टेबलावरच राहिली. राहू द्या.