सोलापूरच्या नवी पेठेतल्या कॅसेटवाल्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

हे पत्र मी २००९ च्या डिसेंबरातच लिहायला हवं होतं. तेव्हा जमलं नाही.

२००१ साली, अकरावीत असताना, तुमच्या दुकानात सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट घ्यायला आले होते. तुम्ही काउंटरखालून ‘कंदिसा’ काढलीत. इंडियन ओशन या बँडचं नावही मी तोवर ऐकलं नव्हतं. “दिल्लीची चौघं हायेत. नेऊन ऐक पोरी. नाही पटलं तर आणून दे, पैशाचं नंतर बघू,” असं म्हणालात.

आमच्या घरी टू-इन-वन होता, पण गाणं ही माझ्या एकटीचीच गोष्ट होती. चादरीच्या मागावर वीस वर्षं उभं राहून बाबांचे कान अधू झाले होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, सगळं खुणांनी चालतं. बाबा घरीही हळूहळू खुणांवरच आले होते. गाण्याचे शब्द त्यांना कधी लागायचेच नाहीत.

‘कंदिसा’ म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, भाषा अरामी, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. बाबांनाही नाही. शब्दांच्या बाबतीत आम्ही दोघं पहिल्यांदाच सारखे होतो. सुस्मित सेनची गिटार, राहुल रामचा बेस, अमित किलमचे ड्रम्स, आणि त्या सगळ्यांत विणला गेलेला असीम चक्रवर्तींचा तबला. पाळीवरून आलेल्या बाबांनी डबा खाली ठेवला, तळहात स्पीकरवर टेकवला आणि कॅसेटची बाजू संपेपर्यंत काढला नाही. मग म्हणाले, “माग नीट चाललाय.” माग बिघडायला लागला की आधी ठोका बदलतो, आणि मुरलेल्या कामगाराला तो अंगातूनच कळतो. यापेक्षा मोठी दाद बाबांनी कुणाला दिलेली मला आठवत नाही.

असीमदा खाली मांडी घालून बसायचे, भोवती तबले आणि बाकीची वाद्यं, आणि वाजवता वाजवताच गायचे. शेजारी ड्रम्स वाजत असताना तबला शोभेपुरता उरणं सोपं असतं. त्यांचा तसा कधी उरला नाही. लोक या संगीताला ‘फ्युजन’ म्हणून मोकळे होतात, ते मला अजूनही सहन होत नाही. जोडकामाची शिवण दिसते. इथे ती शोधून सापडत नाही.

२००३ मध्ये त्यांची ‘झीनी’ ही कॅसेट आली, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवली होती. त्यात कबीराची चादर होती. मी ते पद कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून बाबांना वाचायला दिलं. “विणकरच की हा!” म्हणाले, आणि तासभर मला ताणा-बाणा समजावत बसले, निम्मं तोंडाने, निम्मं हातांनी. आपल्या कामाबद्दल ते माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते.

पुढे २००७ मध्ये ‘ब्लॅक फ्रायडे’ हा सिनेमा लागला आणि त्यातलं इंडियन ओशनचं ‘बंदे’ कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगला वाजू लागलं. हे कुणाचं, असं विचारलं की मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला थांबवून चौघांची नावं सांगायचात.

२५ डिसेंबर २००९ ला असीमदा गेले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. ऑफिसात हे दुःख सांगावं असं कुणी नव्हतं. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने आले ती सरळ तुमच्याकडे. दुकानात तोवर मोबाईलची कव्हरं लटकू लागली होती, पण ‘कंदिसा’ चालू होती. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत, चहा सांगितलात आणि काही बोलला नाहीत. काका, त्या अर्ध्या तासाचे आभार मला इतकी वर्षं मानता आले नाहीत. ते आज मानते.

दुसरे आभार मेमरी कार्डाचे. २०१० मध्ये बँडने ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात त्यांचा सराव चालायचा, त्याचाच तो पत्ता. असीमदांच्या आवाजातली शेवटची गाणी ती. तुम्ही ती दर महिन्याला उतरवून बाबांच्या मोबाईलमध्ये भरून द्यायचात. कार्ड भरून देण्याचे पैसे घेणं हाच तेव्हा तुमचा धंदा होता, तरी या गाण्यांचा एक रुपया घेतला नाहीत. “त्यांनी फुकट दिलं, त्याचं मी कसं घेऊ?” असं बाबांना कागदावर लिहून दाखवलंत. तो कागद त्यांनी जपून ठेवलाय.

बाबा आता घरीच असतात. मोबाईल बदलले, कार्ड तेच आहे.

गड्ड्याच्या यात्रेला येतेय, त्यांना घेऊन. जुना स्पीकर माळ्यावरून काढून काउंटरवर ठेवा. बाबांना हात टेकवायला तोच लागतो.

तुमची,
‘कंदिसा’वाली पोरगी