आधी खालचा रंग ओळखा, मग क्लिअर मारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गणपतीआधी घर सजवण्याबद्दल जो मजकूर आला, त्यात म्हटलं होतं की जुन्या रंगवलेल्या लाकडावर मेलामाइनचा, म्हणजे एका पारदर्शक पॉलिशचा (आमच्या भाषेत क्लिअरचा), एक हात मारला की ते नव्यासारखं दिसतं. वाचून गप्प बसवेना. मी चिपळुणात ३४ वर्षं पॉलिशचं काम करतो. या एका सल्ल्यानं घरोघरी किती नुकसान होतं, ते मी दर श्रावणात बघतो.

गेल्या वर्षी जवळच्या गावातून बोलावणं आलं, देव्हारा बिघडलाय, बघून जा. सागवानी देव्हारा, घरातल्या आजींच्या सासऱ्यांनी करून घेतलेला. महिरपीवर निळ्या तेलरंगात दोन मोर, खाली तांबड्या पट्टीवर वेलबुट्टी. रंग कुठे निघालेला नव्हता, समईच्या धुरानं काळवंडला होता इतकंच. मुंबईहून आलेल्या मुलांनी ठेकेदाराला सांगितलं, गणपतीआधी चकचकीत करून द्या. त्यानं न पुसता, न घासता मेलामाइनचा सीलर, म्हणजे खालचा पहिला थर, फवारला. दहा मिनिटांत डावीकडचा मोर तव्यावरच्या पापडासारखा फुगून आला. घाबरून तो पुसायला गेला, तर मोराची मान फडक्यावर आली. आजींनी ते फडकं घडी घालून जपून ठेवलं होतं. "हे परत बसवता येईल का हो?" असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

यात मेलामाइन वाईट आहे असं नाही. कोऱ्या लाकडावर किंवा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, देऊन नीट सुकवलेल्या लाकडावर ते उत्तम बसतं. पण ते पातळ करायचा द्रव, म्हणजे थिनर, जहाल असतो. तेलरंग वरून कितीही टणक लागला तरी थिनर आत शिरतो, रंगाचा थर फुगतो आणि लाकूड सोडतो. म्हणून खाली काय आहे हे आधी बघावं लागतं. त्याला यंत्र लागत नाही. दिसणार नाही अशा कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. नाही झालं तर थिनरचा बोळा धरावा. विरघळून बोळ्याला लागलं तर लॅकर (थिनरमध्ये विरघळणारं क्लिअर), सुरकुतलं तर तेलरंग, आणि काहीच झालं नाही तर बहुतेक पीयू (पॉलियुरेथेनचं टणक क्लिअर) किंवा मेलामाइन. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करताना मी फार थोड्यांना पाहिलं आहे.

उजवीकडचा मोर वाचला होता. मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं, गणपतीआधी हात लावणार नाही. पावसाळी हवेत लाख पांढरी पडते. लॅकरचंही तेच. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ताक सांडल्यासारखा डाग दिसतो. मुलं नाराज झाली. दसऱ्याआधी चांगली उन्हं पडली तेव्हा गेलो. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं काजळी काढली, दोन दिवस सुकू दिलं, ३२० नंबरचा बारीक पॉलिश कागद अगदी हलक्या हातानं फिरवला. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून न हलवता ठेवली होती. मेण तळाशी बसल्यावर वरची निवळ तेवढी ओतून घेतली, कारण मेण राहिलं तर वरचा पीयू धरत नाही. तिचा एक पातळ हात दिला. मुरलेल्या तेलरंगाला स्पिरिट सहसा चावत नाही, तरीही आधी वेलबुट्टीच्या एका पानावर करून बघितलं. दुसऱ्या दिवशी वरून पाण्यात मिसळणारा पीयू दिला. तो मोर आज निळाच्या निळा आहे. वर तेलाचं वार्निश दिलं असतं तर ते पिवळं पडून निळा हिरवट दिसला असता. पांढऱ्या दारांवर तर ही चूक वर्षभरात डोळ्यात भरते.

स्टेनचंही सांगतो. तेलाचा स्टेन मे महिन्यात एका दिवसात सुकतो, श्रावणात तीन दिवस घेतो. नाक लावून बघावं, टर्पेंटाइनचा वास येत असेल तर थांबावं. वरचा थर घाईनं मारला की दिवाळीपर्यंत नखानं निघतो. आणि स्पिरिटच्या स्टेनवर लाख ब्रशनं लावू नये, रंग ओढला जाऊन चट्टे पडतात.

बाहेरच्या दारांबद्दल तुमच्या मजकुरात एक अक्षर नव्हतं. कोकणात ते आधी हवं. क्लिअर पारदर्शक असल्यानं ऊन त्यातून थेट लाकडापर्यंत जातं, आतली पकड सुटते आणि वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो. उन्हाच्या बाजूला घरातलं क्लिअर चालत नाही, बाहेरचं म्हणून मिळतं तेच घ्यावं आणि दर दोनेक वर्षांनी घासून नवा हात द्यावा. दाराची खालची कड तर कोणीच रंगवत नाही, कारण दार आधी लावलेलं असतं. पागोळ्यांचं पाणी उंबऱ्यावर साचतं आणि ती कोरी कड ते पीत राहते. दार फुगलं की दोष सुताराला! बिजागऱ्या काढून, दार आडवं ठेवून त्या कडेला तीन हात द्यायला मी गिऱ्हाइकाकडून वेगळे पैसे घेत नाही.

गणपतीला अजून तीन आठवडे आहेत. पुढच्या रविवारी पुरवणीत त्याच जागी दुरुस्ती छापावी ही विनंती. जागा कमी असेल तर कोपऱ्यातली बोळ्याची परीक्षा तेवढी छापा.

आपला,
एक पॉलिश कारागीर, चिपळूण