बिजासन घाटावर निदान एक नळ तरी बसवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरची, सुदामा नगरला राहते, सरकारी शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. पत्राचं कारण म्हणजे बिजासन घाट. इंदूरात बिजासन म्हटलं की सगळ्यांना एअरपोर्टजवळची टेकरी आणि नवरात्रातली जत्रा आठवते, पण मी म्हणतेय तो सेंधव्याच्या पुढचा घाट, आग्रा-मुंबई रोडवरचा, जिथे आपला बडवानी जिल्हा संपतो आणि खाली उतरलं की पळासनेर, मग शिरपूर, म्हणजे महाराष्ट्र. तिथेही देवीचं मंदिर आहे, ट्रकवाले हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत.

२०२५ च्या उन्हाळ्यात इराणने कागद नसलेल्या अफगाणी लोकांना ६ जुलैपर्यंत देश सोडा म्हणून सांगितलं आणि अफगाण सीमेवरच्या इस्लाम कला नावाच्या नाक्यावर एकेका दिवसात तीस हजारांच्या वर माणसं येऊन पडायला लागली, ते सगळं टीव्हीवर दाखवत होते. धुळीत बसलेल्या बायका, गाठोड्यावर झोपलेली पोरं, आणि एक म्हातारे आजोबा नुसते इकडे तिकडे बघत उभे होते, कुठे जायचं ते माहीत नाही असे. ते बघताना मला आपला घाटच आठवला, मे २०२० चा. टीव्ही बंद केला तरी डोक्यातून जाईना. तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसले.

आठवून बघा तो महिना. २५ मार्चला लॉकडाऊन लागलं, मुंबई, भिवंडी, नाशिक, पुण्याकडची कामं बंद, खोलीचं भाडं द्यायला पैसे नाहीत, आणि माणसं सरळ चालायला लागली, यूपी-बिहारला जायचं तर रस्ता आपल्याकडूनच. २ मे ला इंदूरजवळ पोलिसांनी एक सिमेंट मिक्सर थांबवला तर त्या फिरत्या ड्रममधून १८ माणसं बाहेर आली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. ८ मे ला औरंगाबादकडच्या करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते आपल्याच मध्यप्रदेशचे होते, शहडोल-उमरियाकडचे, जालन्याहून भुसावळला गाडी मिळेल या आशेने निघालेले. १४ मे ला गुनाजवळ ट्रकला अपघात होऊन ८ गेले. हे सगळं दोन आठवड्यांच्या आत. आणि इंदूर त्या वेळी स्वतःच कोरोनाने पोखरलेलं, आमच्या गल्लीत दोन घरं सील होती.

तरी इंदूरच्या लोकांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. राऊपासून मांगलियापर्यंत बायपासवर ठिकठिकाणी पोहे, पुरी-भाजी, खिचडी, ताक, आणि चपला. चपलांचं कोणाला आधी सुचलं माहीत नाही, पण ज्याला सुचलं त्याला खरंच दंडवत, कारण माणसं तळपायाला प्लास्टिकच्या बाटल्या चेपून बांधून चालत होती. आमच्या कॉलनीतल्या बायकांनी रोज तीनशे पुऱ्यांची पाकिटं केली, ज्यांच्या घरी कधी कोणी बाहेरच्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही त्या काकूसुद्धा पहाटे चारला उठून कणीक मळत होत्या.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते, की काही लोक चालत्या गाडीतून पाकिटं फेकायचे. वाईट हेतू नव्हता, कोरोनाची भीती होती, पण एक पाकीट पडलं की दहा जण धावायचे, ट्रक मागून येतायत, लेकरं मध्ये. २०१७ मध्ये म्यानमारमधून रोहिंग्या लोक बांगलादेशात आले, ऑगस्टच्या शेवटापासून थोड्या महिन्यांत सात लाखांच्या आसपास, तेव्हाही कॉक्स बझारच्या रस्त्यावर भल्या माणसांनी ट्रक भरभरून कपडे आणले आणि वरून फेकले, त्या चेंगराचेंगरीत दोन मुलं आणि एक बाई गेली. नंतर तिथे वाटपाला सैन्य लावलं, रांगा लागल्या. कपडे कमी नव्हते, कोण कुठे उभं राहणार तेवढं कोणी ठरवलेलं नव्हतं.

आता घाटाचं सांगते. माझ्या भाच्याचं दवा बाजारात दुकान आहे, त्याच्या लोडिंग गाडीला पास होता, मी आणि कॉलनीतली एक जण, आम्ही दोनदा गेलो सेंधव्याच्या पुढे. दीडशेवर किलोमीटर, मानपूर, खलघाट, ठीकरी, जुलवानिया, सगळा रस्ता सुना आणि उलट्या बाजूने माणसंच माणसं. निमाडातला मे, पारा ४२ च्या वर. घाटावर पोचलो तर जिथे बघावं तिथे डोकी, रस्त्याच्या कडेला, ट्रकखाली, मोरीत. सावली म्हणजे फक्त ट्रकची, आणि ट्रक हलला की सावली गेली.

जेवणावरून झोंबाझोंबी होईल म्हणून आम्ही घाबरत होतो. तसं काही झालं नाही. पुऱ्या संपल्या तेव्हा एक जण म्हणाला, माताजी खाना तो दो जगह मिल गया, बस कब आएगी ये बता दो. तोच प्रश्न दुसऱ्याने, तोच तिसऱ्याने. सकाळपासून त्यांनी पाच जणांना विचारलं होतं आणि पाच उत्तरं मिळाली होती, कोणी म्हणे दुपारी, कोणी म्हणे आज नाही, कोणी म्हणे आधी फॉर्म भरा, फॉर्म कुठे तर ते पुढे, पुढे गेलं तर म्हणे मागे. एक बाई होती कडेवर वर्षाचं पोर घेतलेली, ती म्हणाली मी रांग सोडून पाण्याला गेले तर नंबर जाईल म्हणून सकाळपासून पाणी प्यायले नाही. ज्यांची ड्यूटी होती ते पोलीस आणि कर्मचारीपण बिचारे उन्हात करपले होते, त्यांनाही वरून काही कळत नव्हतं, मी कोणा एकाला दोष देत नाहीये. पण १४ मे ला तिथे दगडफेक झाली आणि पेपरात आलं तेव्हा आमच्याकडे लोक म्हणाले बघा, खायला घालतोय तरी दगड मारतात. मला फार वाईट वाटलं ते ऐकून. भुकेने नव्हे हो, ताटकळून आणि कोणी काही सांगत नाही म्हणून माणूस पिसाळतो. तासभर कोणी स्पीकरवर नुसतं सांगितलं असतं की पहिली बस चारला, प्रयागराजची वेगळी, गोरखपूरची वेगळी, तर अर्धा राग तिथेच विरला असता.

आणि बसचं गणितही समजून घेतलं पाहिजे. महाराष्ट्राकडे एसटी आहे, लालपरीने त्या मे मध्ये मजुरांना फुकट सीमेपर्यंत आणून सोडलं, ते चांगलंच केलं. आपल्याकडे सरकारी बस २००५ लाच बंद झाली. म्हणजे घाटाच्या एका बाजूला डेपो आणि ड्रायव्हर तयार, दुसऱ्या बाजूला प्रायव्हेट बसवाल्यांना गोळा करा, डिझेलचं बघा, ड्रायव्हर गावी गेलाय त्याला बोलवा. तिकडून येणारी माणसं आणि इकडून सुटणाऱ्या गाड्या यांचा मेळ बसला नाही की सगळी गर्दी घाटाच्या माथ्यावर साचणार, धरणात पाणी साचतं तसं. नंतर शासनाने शेकडो बसेस लावल्या, माणसं देवास, गुना, शिवपुरीमार्गे पुढे गेली, पण आधीचे दिवस गेले ते गेलेच. सुप्रीम कोर्टाने मजुरांकडून भाडं घेऊ नका, जिथून निघतात तिथल्या राज्याने जेवण-पाणी द्या असा आदेश दिला तो २८ मे ला, म्हणजे लॉकडाऊन लागून दोन महिने उलटल्यावर.

माझे वडील पोस्टात होते. १९७१ ला मी लहान होते पण एक गोष्ट पक्की आठवते, नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशाचं जास्तीचं तिकीट लावायला लागायचं, कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित मदत असं छापलेलं. लोक कुरकुरायचे, बाबा म्हणायचे पाच पैसेच आहेत, तिकडे एक कोटी माणसं आलीयत. पूर्व पाकिस्तानातून खरंच कोटीच्या घरात लोक आले होते. बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा याचं पाणी ड्रममध्ये भरून नळ लावले आणि पेशंटच्या आई-बापांना सांगितलं तुम्हीच पाजत राहा. मरण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आज जे ओआरएसचं पाकीट आपण घरात ठेवतो त्याच्यावर जगाचा विश्वास बसला तो तिथून. आम्ही घाटावर नेलेल्या सामानात भाच्याने टाकलेली ओआरएसची खोकीच सगळ्यात आधी संपली, पण ती कालवायला स्वच्छ पाणी कुठे होतं, टँकरची वाट बघत पाकिटं हातात धरून माणसं उभी. हे दृश्य मी विसरू शकत नाही.

म्हणून मागणी अशी आहे, आणि ती फार मोठी नाही. घाटाच्या माथ्यावर एक पक्की शेड, बोअरचं पाणी आणि नळ, बायकांसाठी वेगळी शौचालयं, एक स्पीकर आणि एक मोठा फळा. जगभर मदतकार्यात जे माप धरतात ते माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ, अगदी सुरुवातीच्या धांदलीत ५० माणसांमागे एक संडास आणि नंतर २० मागे एक. पाच हजार माणसं आली तर वीस नळ, शंभर संडास. शंभर संडास कायमचे बांधा असं मी म्हणत नाही, पण जागा सपाट करून ठेवा, पाइप टाकून ठेवा, फिरते कुठून आणायचे ते लिहून ठेवा. आणि बडवानी आणि धुळे, दोन्हीकडच्या कलेक्टरांनी वर्षातून एकदा समोरासमोर बसून ठरवावं की अचानक गर्दी झाली तर कोणी कोणाला फोन करायचा, तिकडून किती गाड्या सुटल्या ते इकडे किती आधी कळवायचं. आता मध्यप्रदेश शासन पुन्हा बससेवा आणतंय, २०२५ मध्ये कॅबिनेटने मंजुरी दिलीय, तर त्यातच अशा वेळच्या गाड्यांची सोय लिहून टाका ना, नंतर कोण करणार.

शेड रिकामी पडून राहील असं कोणी म्हणेल. नाही राहणार. बडवानी, खरगोनचे आपले आदिवासी, बारेला, भिलाला, दरवर्षी दिवाळीनंतर याच घाटातून ऊसतोडीला महाराष्ट्रात जातात आणि होळीच्या आधीच्या भगोरिया सणाला परत येतात, पिकअपमध्ये उभे, बायका-पोरं, भांडी, कोंबड्या सगळं घेऊन. त्यांना रात्री कुठे टेकायला मिळतं का? या रस्त्यावर रोज जितके ट्रक जातात त्या ड्रायव्हरांना आंघोळीला पाणी मिळतं का? अहिल्यादेवींच्या इंदूरात आम्ही वाढलो, लहानपणापासून ऐकत आलो की त्यांनी काशी, गया, रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं बांधली, आणि ती काही संकट आल्यावर धावपळ करून नाही बांधली, माणूस या वाटेने जाणार आहे एवढं पुरेसं होतं.

आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपकडे त्या वेळची स्टीलची दोन मोठी पिंपं आणि वर्गणीतले नऊ हजार रुपये अजून शिल्लक आहेत. घाटावर नळ बसणार असेल तर दोन्ही द्यायला आम्ही तयार आहोत, मी एकदा चौकशीला गेले होते, तीन टेबलांवर फिरवलं आणि हे आमच्याकडे येत नाही म्हणाले. तर आपल्या पेपरातून एवढंच विचारते की हे कोणाकडे येतं, ते कोणीतरी सांगा.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर