ॲसिड, लाकूड आणि युद्ध

बर्लिन,
१४ नोव्हेंबर

प्रिय मीनल,

पत्र मिळालं. युद्धानं जर्मन चित्रकारांना ‘विषय पुरवला’, हे तुझं वाक्य मात्र मला डाचतंय. अगं, विषय काय, कुठलंही युद्ध पुरवतं. पहिल्या महायुद्धानं यांच्या हातातली हत्यारंच बदलली. तू स्वतः प्रिंट काढतेस, तुला हे पटावं.

चित्रकार केटे कोल्विट्झचंच बघ. धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा. सैन्यात जायला वडिलांची परवानगी लागणार होती आणि वडील, कार्ल, तयार नव्हते. केटेनंच नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये पोरगा मारला गेला. तोवर ही बाई एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडनं रेषा खोदून छापण्यात, मुरलेली, काळोखातून हलके हलके करडे थर काढणारी. युद्धावर काम करायचं म्हटल्यावर तिनं एचिंग करून पाहिलं, लिथो, म्हणजे दगडावर काढून छापलेलं चित्र, करून पाहिलं, मनासारखं काही होईना. १९२० मध्ये शिल्पकार बार्लाखचे वुडकट, म्हणजे लाकडात कोरून काढलेले छाप, पाहिले आणि तिनं लाकूड हातात घेतलं. त्यातून ‘युद्ध’ ही सात वुडकटची मालिका झाली. त्यातल्या ‘स्वयंसेवक’मध्ये मृत्यू ढोल बडवत पुढे चाललाय, मागून पोरं ओढल्यासारखी निघालीत, आणि मृत्यूच्या अगदी लगत पेटर आहे. वुडकटमध्ये कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं. ‘हो’ म्हणून बसलेल्या आईला करड्यात लपायला जागाच उरत नाही, असं मला ते बघताना वाटतं. तिचं ‘पुन्हा युद्ध नको’ हे पोस्टर सगळीकडे दिसतं, पण या सात प्रिंटपुढे ते मला फिकं वाटतं.

पेटरच्या स्मारकासाठी तर तिला जवळजवळ अठरा वर्षं लागली. आधी त्यात आडवा पडलेला पेटर होता. शेवटी तो गेला आणि गुडघे टेकलेले आईबाप तेवढे उरले, चेहरे तिचा नि कार्लचा. १९३२ मध्ये ते बेल्जियममधल्या सैनिकी दफनभूमीत बसवले. पुढे १९४२ मध्ये नातू रशियात मारला गेला. त्याचंही नाव पेटरच.

चित्रकार ओटो डिक्सची तऱ्हा वेगळी. तू त्याला सरळ ‘युद्धविरोधी’ म्हणतेस, पण हा गडी स्वतःहून भरती झाला, मशीनगन चालवली, आणि नंतरही सांगायचा की हा प्रकार मला चुकवायचा नव्हता. १९२४ मध्ये त्यानं पन्नास एचिंग काढली. त्यात ॲसिडनं पत्रा असा खाल्लाय की प्रेताचं मांस आणि चित्राची रेषा एकाच रीतीनं सडल्यासारखी दिसते. ॲक्वाटिंट, म्हणजे ॲसिडनं करड्या छटा, करताना प्लेट ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिली की आपण हळहळतो ना? त्याला नेमकं तेच हवं होतं.

त्याचं ‘खंदक’ हे चित्र कोलोनच्या संग्रहालयानं घेतलं, तर इतका गहजब झाला की ते पडद्याआड टांगावं लागलं. शेवटी महापौरांनी खरेदीच रद्द केली. महापौर कोण, तर पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झालेले आडेनाउअर! १९३३ मध्ये नाझींनी डिक्सला ड्रेस्डेनच्या अकादमीतून काढलं. या चित्रांनी लोकांची लढायची इच्छा खचते, हेही एक कारण दिलं. १९३७ मध्ये ‘खंदक’ म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात टिंगलीसाठी टांगलं, आणि पुढे ते कायमचं हरवलं. गंमत बघ, १९४५ मध्ये याच माणसाला पन्नाशी उलटल्यावर परत बंदूक देऊन उभं केलं, आणि तो फ्रेंचांच्या कैदेत पडला.

बाकीच्यांचं थोडक्यात. चित्रकार कीर्शनरनं १९१५ मध्ये गणवेशातलं स्वतःचं चित्र काढलं, त्यात उजवा हात मनगटापासून तुटलाय. प्रत्यक्षात हात शाबूत होता, मन मोडलं होतं. निळे घोडे रंगवणारा फ्रान्झ मार्क तोफा झाकायच्या ताडपत्र्या रंगवत होता, शत्रूच्या विमानांना चकवायला. फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्यापासून अमूर्त चित्रं काढणाऱ्या कान्डिन्स्कीपर्यंतच्या शैली त्यानं त्यावर वापरल्या, तसं बायकोला कळवलंही. काही आठवड्यांतच, मार्च १९१६ मध्ये, तो फ्रान्समध्ये व्हर्दँजवळ मारला गेला.

डिक्सचं ‘युद्ध’ हे मोठं चित्र ड्रेस्डेनच्या अल्बर्टिनममध्ये आहे. चर्चच्या वेदीमागे असतं तसं, लाकडी फळ्यांवर, जुन्या उस्तादांसारखे पातळ थर चढवत केलेलं. तू आलीस की जाऊ, बर्लिनहून गाडीनं दोन-एक तास. त्याआधी तुझे नवे प्रिंट पाठव. गुंडाळी करून नळीतून पाठव गं, घडी घालू नकोस.

तुझी,
अनघा